बदलीवर आलेल्यांची ए ट्रेन

अमेरिकन जॅझ बँडलीडर ड्यूक एलिंग्टन म्हटलं की जी ट्यून डोक्यात वाजायला लागते, 'टेक द ए ट्रेन', ती ड्यूक एलिंग्टनची नाहीच. जॅझवाल्यांना हे माहीत असतं, बाकीच्यांना सांगितलं की 'हो का?' म्हणतात आणि विषय बदलतात. मला मात्र या गोष्टीनं बरेच दिवस सोडलेलं नाही, कारण जरा खोलात गेलं की कळतं नुसती ट्यूनच नाही, त्या रेकॉर्डवरचं जवळपास सगळंच कुणाच्या तरी ऐवजी आलेलं आहे. संगीतकार दुसऱ्याच्या ऐवजी, ट्रम्पेटवाला दुसऱ्याच्या ऐवजी, ही ट्यूनच मुळात दुसऱ्या ट्यूनच्या ऐवजी, आणि मी तर म्हणेन त्या सुरावटीतला सगळ्यात महत्त्वाचा सूरसुद्धा दुसऱ्या सुराच्या जागेवर येऊन बसलेला आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा बदली कामगार असायचे ना, पाळीच्या वेळेला गेटवर उभे, कुणी आलं नाही की आत, तसला हा सगळा कारभार. आणि यातलं कुणीच परत गेटबाहेर गेलं नाही!

सुरुवात भांडणातून झाली, तीही पैशाच्या. अमेरिकेत गाणी लिहिणाऱ्यांची एक संघटना आहे, आस्कॅप. रेडिओवर गाणं वाजलं की संगीतकाराच्या वतीनं मानधन वसूल करायचं हे तिचं काम. १९४० च्या शेवटी रेडिओ कंपन्यांशी तिचा करार संपत होता, नव्या करारात आस्कॅपनं रक्कम भरमसाट वाढवून मागितली, रेडिओवाले म्हणाले आम्ही देत नाही जा, आणि १ जानेवारी १९४१ पासून मोठ्या रेडिओ नेटवर्कवर आस्कॅपच्या सभासदांचं संगीत बंद. सगळं. म्हणजे त्या काळातली बहुतेक लोकप्रिय गाणी एका रात्रीत गायब. लोकांना मग ज्यांचे हक्क केव्हाच संपलेत अशी जुनीपुराणी गाणी ऐकवायला लागले, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या स्टीफन फॉस्टरचं एक गाणं तर इतकं वाजवलं इतकं वाजवलं की तो चेष्टेचा विषय झाला. रेडिओवाल्यांनी बीएमआय नावाची स्वतःची संघटना आधीच, १९३९ मध्ये, काढून ठेवली होती, म्हणजे भांडणाची तयारी दोन्हीकडून होती.

एलिंग्टन आस्कॅपचा सभासद. त्याचा बँड तेव्हा लॉस एंजेलिसजवळ कल्व्हर सिटीत कासा मान्याना नावाच्या बॉलरूममध्ये वाजवत होता, आणि तेव्हाच्या बँडचं पोट रेडिओवर होतं, कारण रेडिओवर ऐकलं की लोक गावोगावी नाचायला येणार, रेकॉर्डी घेणार. आणि इथे तर स्वतःच्याच बँडनं स्वतःचीच गाणी रेडिओवर वाजवायची नाहीत. बँडची ओळखधून तेव्हा 'सेपिया पॅनोरमा' होती, तीही एलिंग्टनचीच, म्हणजे तीही गेली. आता करायचं काय? तर ज्यांची नावं आस्कॅपच्या यादीत नाहीत अशांना लिहायला बसवायचं. अशी दोन माणसं घरातच होती. एक त्याचा मुलगा मर्सर, विशीतला. दुसरा बिली स्ट्रेहॉर्न, पंचवीस वर्षांचा, ठेंगणा, गोल चष्मा लावणारा, जो दोनेक वर्षांपूर्वी बँडला चिकटला होता आणि ज्याचं नक्की पद काय हे कुणालाच, बहुधा एलिंग्टनलाही, नीट सांगता आलं नसतं.

स्ट्रेहॉर्नबद्दल लिहायला लागलं की थांबता येत नाही पण थोडक्यात सांगतो. पिट्सबर्गचा गरीब घरातला मुलगा, औषधाच्या दुकानात काम करून पियानो शिकला, डोक्यात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, रावेल, डेब्यूसी वगैरे, पण त्या काळात काळ्या मुलाला त्या दुनियेचा दरवाजा उघडणार नव्हता हे त्याला लवकर कळलं. डिसेंबर १९३८ मध्ये एलिंग्टनचा बँड पिट्सबर्गच्या स्टॅनली थिएटरमध्ये आला तेव्हा कुणीतरी ओळख काढून त्याला स्टेजमागे नेलं. तिथे त्यानं एलिंग्टनचंच 'सॉफिस्टिकेटेड लेडी' आधी हुबेहूब एलिंग्टनसारखं वाजवून दाखवलं आणि मग म्हणाला, आता मी हे कसं वाजवेन ते ऐका. तेवीस वर्षांचा मुलगा! आगाऊपणाच म्हणायचा, पण हात चालत असतील तर आगाऊपणा माफ असतो. एलिंग्टननं त्याला न्यूयॉर्कला बोलावलं आणि घरी यायचं कसं ते सांगितलं, त्यात सबवेची, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेची, ए लाइन पकडायची होती. त्या सूचनांवरूनच स्ट्रेहॉर्ननं ट्यून करून टाकली. पत्त्यावरून गाणं.

इथे थोडं आडवाटेनं जातो. ए लाइन १९३२ ला सुरू झाली, मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूनं वर हार्लेमकडे जाणारी. फास्ट ट्रेन आहे ती, आपल्या भाषेत सांगायचं तर ५९व्या रस्त्यानंतर थेट १२५व्याला थांबते, मधली स्टेशनं खाते. भाडं पाच सेंट. शुगर हिल म्हणजे हार्लेममधला टेकाडावरचा भाग, बरे पैसे कमावलेले काळे डॉक्टर, वकील, कलावंत तिथे राहायचे, एलिंग्टनचं घरही तिथेच. नवी डी ट्रेन सुरू झाली तेव्हा लोक चुकून तिच्यात बसायचे, ती १४५व्या रस्त्यानंतर वळून ब्रॉन्क्सकडे जायची, म्हणून 'ए'च पकडा असं गाण्यात सांगितलंय, असाही एक खुलासा हमखास ऐकायला मिळतो. पण डी ट्रेन सुरू झाली डिसेंबर १९४० मध्ये आणि ट्यूनचा जन्म त्याआधीचा, तेव्हा तो खुलासा शब्दांना लागू पडेल, ट्यूनला नाही. शब्द नंतर आले, त्याबद्दल पुढे.

तर ट्यून होती, पण स्ट्रेहॉर्ननं ती कचऱ्यात टाकली होती. मर्सरनं नंतर सांगितलेली गोष्ट आहे ही: त्याला कचऱ्याच्या टोपलीत हा कागद सापडला, विचारलं का टाकला, तर स्ट्रेहॉर्न म्हणाला हे फारच फ्लेचर हेंडरसनसारखं झालंय. हेंडरसन म्हणजे ज्यानं बिग बँडचा तो ठसा पाडला, सॅक्सोफोन एका बाजूला, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन दुसऱ्या बाजूला, एकानं म्हणायचं दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. स्ट्रेहॉर्नची तक्रार खोटी नव्हती, ऐकलं तर 'ए ट्रेन'ची मांडणी अगदी तशीच आहे. पण गाणी कमी पडत होती, रेडिओ थांबणार नव्हता, त्यामुळे टोपलीतला कागद वर आला.

आता मुद्द्याचं. ही ट्यून डोक्यात का चिकटते?

वरवर बघितलं तर साधा ढाचा आहे. बत्तीस बारचं (एक बार म्हणजे चार मात्रांचा एक खंड) गाणं, आठ-आठच्या चार ओळी, पहिली, दुसरी आणि चौथी सारखी, तिसरी वेगळी. त्या काळातल्या शेकडो गाण्यांचा हाच साचा. हार्मनीसुद्धा नवी नाही. जिमी मॅकह्यू आणि डोरोथी फील्ड्स यांचं १९३० चं 'एग्झॅक्टली लाइक यू' काढा, त्याच्या ओळीचा सांगाडा आणि याचा सांगाडा जवळजवळ एकच. दोन बार घर, म्हणजे षड्जाचा कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ), मग दोन बार दुसऱ्या पायरीवरचा डॉमिनंट, म्हणजे पुढे ओढणारा, कॉर्ड, मग परतीचा रस्ता. म्हणजे उसनी चाल, उसनी मांडणी. मग स्वतःचं असं काय?

घरात हार्मोनियम किंवा साधा कीबोर्ड असेल तर उघडा, वाचण्यापेक्षा बोटांनी लवकर कळेल. पांढरी एक सा धरा. ट्यून मंद्र पंचमावर सुरू होते, तिथून थेट उडी वर गंधारावर, ती लांब धरलेली. मग परत खालून प सा ग असं भराभर चढायचं. आता कान म्हणतो, पुढे काहीतरी ओळखीचं येणार. आणि तिथून सूर खाली पडतो तो कोमल धैवतावर, मंद्रातल्या, म्हणजे जिथून निघालो त्या पंचमाच्या अगदी शेजारच्या काळीवर. आणि तिथे बसतो. दोन बार. घाई नाही, सारवासारव नाही, लगेच सुटकाही नाही.

त्या जागी साध्या गाण्यात शुद्ध धैवत आला असता. खालचा कॉर्ड रिषभावरचा आहे, डी सेव्हन, त्याचा पंचम म्हणजे आपला शुद्ध ध, तो तिथे गुण्यागोविंदानं राहिला असता आणि कुणाला काही कळलंही नसतं. स्ट्रेहॉर्ननं त्याला उठवून अर्ध्या पायरीवरच्या भावाला तिथे बसवलं.

आणि आता हे बघा, हे मला फार आवडतं. हार्मोनियमवर तो कॉर्ड धरा: पांढरी दोन, काळी तीन, काळी चार आणि वरची पांढरी एक. आपल्या हिशोबानं रे, तीव्र म, कोमल ध, सां. भाता हलवा आणि नुसता ऐकत बसा. तरंगतो तो. धड रडका नाही, धड आनंदी नाही, जमिनीला पाय लागलेलेच नाहीत. कारण हे चारही सूर ज्या सप्तकात बसतात त्यात अर्धा सूर कुठे नाहीच, सगळी अंतरं पूर्ण स्वराची, सा रे ग, मग तीव्र म, कोमल ध, कोमल नी, तीन पांढऱ्या तीन काळ्या. अर्धा सूर नाही म्हणजे ओढ नाही, कुठला सूर कुठे जाऊ पाहतोय ते कळत नाही. डेब्यूसीचा आवडता प्रदेश. पिट्सबर्गच्या औषधाच्या दुकानातल्या मुलानं तो नाचाच्या गाण्यात बरोबर तिसऱ्या बारला आणून ठेवला आणि लोक वर नाचले.

पुढचा कॉर्ड धरा. रिषभ आणि सां जागेवर ठेवायचे, फक्त मधली दोन बोटं हलवायची, काळी तीनवरचं बोट एक घर खाली पांढरी चारवर, काळी चारवरचं बोट एक घर वर पांढरी सहावर. दोन काळ्या, दोन बाजूंना, अर्धा-अर्धा सूर सरकल्या आणि सगळं पांढरं झालं, रे म ध सां, डी मायनर सेव्हन. जो शुद्ध ध मगाशी उठवला होता तो आता येऊन बसला. उशिरा आला पण आला. हे दोन कॉर्ड मी पाठोपाठ किती वेळा वाजवले असतील देव जाणे, घरातल्यांनी दार लावून घेतलं.

शास्त्रीय ऐकून वाढलेल्या कानाला इथे एक वेगळीच गंमत मिळते, निदान मला मिळाली. तो कोमल ध आहे, पण कुणाच्या हिशोबानं? सा धरून मोजला तर कोमल धैवत. पण त्या दोन बारमध्ये खालचा बास, म्हणजे सगळ्यात खालचे सूर देणारं तंतुवाद्य, सा सोडून रिषभावर गेलेला असतो, आणि रिषभ सा धरून मोजला तर तोच सूर तीव्र मध्यम होतो. आपल्याकडे तानपुरा असतो, तो कुठे जात नाही, कोमल ध कितीही वेळ धरा तो षड्जाच्या नजरेतच राहतो आणि त्यातूनच भैरवचा तो आंदोलित धैवत वगैरे सगळं निघतं. इथे जमीनच सरकते. वरचा सूर स्थिर आणि खालची जमीन हललेली. आपल्यातले बरेच लोक जॅझ ऐकून 'बेसूर वाटतं हो' म्हणतात त्याचं कारण मला वाटतं बहुतेक वेळा हेच असतं, कान पहिल्या षड्जाला धरून बसलेला असतो आणि बँड केव्हाच पुढे गेलेला असतो. दोष कुणाचाच नाही. पण एकदा बासचा आवाज शोधून त्याच्यामागे चालायची सवय लागली की सगळं सुरात येतं.

तिसरी ओळ, ज्याला ब्रिज म्हणतात, तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, गाणं चार बार मध्यमावर जाऊन बसतं, मोकळी हवा खातं, परत रिषभावरून घरी. ठीक आहे. स्ट्रेहॉर्ननं याहून कितीतरी अवघड ब्रिज लिहिलेत.

रेकॉर्डकडे येऊ. जानेवारी १९४१ मध्ये रेडिओ स्टेशनांना पुरवायच्या तबकड्यांसाठी एकदा वाजवून झालं होतं, पण जी जगभर गेली ती १५ फेब्रुवारी १९४१ ची, हॉलीवूडमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी केलेली. त्याच दिवशी 'ब्लू सर्ज', 'जंपिन पंकिन्स' याही झाल्या, त्या मर्सरच्या नावावर. सगळ्याच आस्कॅपच्या यादीबाहेरच्या, म्हणजे या भांडणातूनच आलेला माल.

सुरुवातीला पियानोचे चार बार, एलिंग्टन स्वतः, आणि ते चार बार त्या अर्धा सूर नसलेल्या सप्तकाच्या रंगात रंगवलेले. म्हणजे पुढे तिसऱ्या बारला जे येणार आहे त्याचा वास आधीच सोडून ठेवलाय. मग सगळे सॅक्सोफोन एका आवाजात मूळ चाल म्हणतात आणि ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची पितळी वाद्यं, मधूनमधून टोमणे मारतं. यात जॉनी हॉजेस आहे, बेन वेबस्टर आहे, हॅरी कार्नी आहे, एकेकटे वाजवले तर तासभर ऐकावेत असे लोक, आणि इथे सगळे एका ओळीत शाळेतल्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे शिस्तीत. खाली बासवर जिमी ब्लँटन, बावीस वर्षांचा. त्या काळच्या रेकॉर्डिंगमध्ये बास बहुतेक वेळा कुठेतरी लांब धपधपतो, याचा मात्र सूर न् सूर ऐकू येतो, आणि मगाशी जमीन सरकते म्हटलं ना, ती सरकवणारा हाच. वर्षाअखेरीस त्याला क्षयानं गाठलं, पुढच्या जुलैत गेला. तेवीस वर्षांचा.

दुसऱ्या फेरीत ट्रम्पेट येतो, म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावलेला. रे नॅन्स. आणि हा पण बदली.

नॅन्सच्या आधी त्या खुर्चीत कूटी विल्यम्स होता, एलिंग्टनच्या बँडमध्ये अकरा वर्षं काढलेला, ट्रम्पेटमधून गुरगुराट काढण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. १९४० च्या नोव्हेंबरमध्ये बेनी गुडमन या दुसऱ्या बड्या बँडलीडरनं त्याला पळवला. जॅझच्या जगात ही केवढी मोठी बातमी होती हे यावरून कळेल की रेमंड स्कॉट नावाच्या बँडलीडरनं 'व्हेन कूटी लेफ्ट द ड्यूक' नावाची चक्क एक ट्यून काढली, त्या प्रसंगावर. अशा माणसाची जागा घ्यायला शिकागोहून आलेला हा पोरगा, ट्रम्पेट वाजवतो, व्हायोलिन वाजवतो, गातो, नाचतो, बँडमध्ये त्याला 'फ्लोअरशो' म्हणायचे. येऊन जेमतेम तीन महिने झालेले.

त्यानं कूटीसारखं वाजवायचा प्रयत्नच केला नाही. नाचणाऱ्या माणसानं ट्रम्पेट वाजवला तर जसा वाजेल तसा तो सोलो आहे. हलका, पायावर उभा, मधेच सूर मुडपणारा, एकेक वाक्य इतकं गाता येण्यासारखं की दोनदा ऐकल्यावर तुम्ही ते शिट्टीत वाजवाल. मग ब्रासचा चार बारचा एक तुकडा येतो, चारच्या तालात तीन-तीनचे गट पाडणारा, आपला कान लगेच तिहाईच्या आशेनं सम शोधायला लागतो, आणि त्या गोंधळात सगळा बँड षड्ज उचलून कोमल गंधारावर नेऊन ठेवतो. सी मधून ई फ्लॅट. पट्टीच बदलली! आणि नॅन्सनं आता म्यूट काढून टाकलाय, उघड्या ट्रम्पेटनं सॅक्सोफोनच्या चालीत घुसतो. पायात काही असेल ते इथे हलतंच. शेवटची ओळ परत परत म्हणतात, दर वेळी आवाज कमी कमी, गाडी लांब जातेय. तीन मिनिटांच्या आत खेळ खलास, ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं.

त्या सोलोचं पुढे जे झालं ते मात्र विचार करायला लावणारं आहे. आपण म्हणतो जॅझ म्हणजे उत्स्फूर्त, रोज नवं. पण नॅन्सचा तो सोलो इतका गाजला की लोकांना तोच हवा. नॅन्स स्वतः पुढची वर्षानुवर्षं रात्री रात्री तोच वाजवत राहिला, थोडा इकडे थोडा तिकडे, पण तोच. दुसरे बँड 'ए ट्रेन' घेताना तो सोलो गाण्याचाच भाग असल्यासारखा घ्यायचे. म्हणजे क्षणात सुचलेलं पक्कं झालं, बंदिशीत गेलं. आणि कडी म्हणजे १९६२ मध्ये कूटी विल्यम्स एलिंग्टनकडे परत आला, आणि पुढे 'ए ट्रेन' वाजवायची वेळ आल्यावर त्यालाही नॅन्सच्याच वाटेनं जावं लागलं. ज्याच्या जागेवर बदली आला होता तो आता त्या बदलीची जागा चालवतोय. मी असं लिहून आणलं असतं तर लोक म्हणाले असते जरा अतीच झालं.

शब्दांचं सांगतो म्हणालो होतो. डेट्रॉइटची जोया शेरिल, तेव्हा विशीच्या आतली मुलगी, रेडिओवर ही ट्यून ऐकून तिनं स्वतःच शब्द बसवले, एलिंग्टनपर्यंत पोचवले, त्यानं शब्द घेतलेच वर तिलाही बँडमध्ये घेतलं. आणखीही कुणाकुणाचे शब्द आहेत. खरं सांगायचं तर शब्द कुणाचेही असोत, ते म्हणजे स्टेशनवरची सूचना आहे, कवितेची अपेक्षा ठेवून जाऊ नका. म्हणूनच मला वाटतं चांगल्या गायिकांनी ते पटकन उरकून थेट निरर्थक अक्षरांवर उडी मारली. बेटी रोशे यात सगळ्यात भारी. १९४३ च्या 'रेव्हेली विथ बेव्हर्ली' सिनेमात ती आगगाडीच्या डब्यात बँडबरोबर हे गाते, ते गोड आहे, पण १९५२ ची रेकॉर्ड म्हणजे वेगळंच प्रकरण. एलपी आली होती, तीन मिनिटांचं बंधन गेलं होतं, गाणं आठ मिनिटांचं झालं, आणि रोशे त्यात जी स्कॅट करते ती ऐकून कुठल्याही तराणा गाणाऱ्यानं मान डोलवावी. त्यातच पुढे पॉल गोन्साल्विस टेनर सॅक्सवर अख्खं गाणं एकदम संथ करून प्रेमगीत करून टाकतो आणि मग पिसाट धावत सुटतो. गोन्साल्विस नाव वाचून आपल्याला पक्का गोव्याचा, साष्टी-बार्देशचा वाटतो, मलाही वाटलं असतं, पण तो मॅसॅच्युसेट्सचा, आईवडील केप व्हर्डे बेटांवरचे. पोर्तुगीज कुठे कुठे आडनावं वाटत फिरले बघा.

क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांनी १९५५ मध्ये पाचच माणसांत ही केली, सुरुवातीला वाद्यांतूनच गाडी सुटल्याचा आवाज, शेवटी थांबल्याचा. छान आहे, थोडी चलाखी आहे, पण ब्राउनचा ट्रम्पेट ऐकताना चलाखी माफ. एला फिट्झजेराल्डची १९५७ ची एलिंग्टनच्याच बँडबरोबरची आहे, ती कुणालाही आवडेलच, त्यामुळे तिची जाहिरात मी करत नाही. आणि रोलिंग स्टोन्सनी १९८२ च्या त्यांच्या लाइव्ह अल्बमची सुरुवात एलिंग्टनच्या या रेकॉर्डच्या तुकड्यानं केलीय, बहुतेक रॉकवाल्या पोरांनी ट्यून पहिल्यांदा ऐकली ती तिथे.

आपल्याकडे ती आली शॉर्टवेव्हवरून. व्हॉइस ऑफ अमेरिकानं १९५५ मध्ये जॅझचा रोजचा कार्यक्रम सुरू केला, निवेदक विलिस कोनोव्हर, परदेशी लोकांना कळावं म्हणून मुद्दाम सावकाश, एकेक शब्द मोकळा बोलणारा, आणि कार्यक्रमाची ओळखधून 'ए ट्रेन'. पोलंड, रशिया, इकडे मुंबई, कलकत्ता, सगळीकडे ज्यांना जॅझचं वेड होतं ते रात्री रेडिओला कान लावून बसायचे. गिरगावातले आमचे एक नातेवाईक सांगायचे की स्टेशन नीट लागलंय की नाही हे ते त्या पियानोच्या चार बारांवरूनच ओळखायचे, खरखरीतूनसुद्धा. सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या गोव्याच्या मंडळींना तर हे सगळं घरचंच, नोटेशन वाचणारे, रात्री हॉटेलात स्विंग वाजवणारे आणि दिवसा स्टुडिओत हिंदी गाण्यांना ब्रास पुरवणारे.

आणि मग १९६३ मध्ये एलिंग्टनच आला. अमेरिकन सरकारनं पाठवलेला दौरा, दमास्कसपासून सुरू, भारत, सिलोन वगैरे करत पुढे. रे नॅन्सला दौऱ्याच्या सुरुवातीलाच घरी पाठवावं लागलं होतं, त्यामुळे भारतात ट्रम्पेटवर कूटी होता, नॅन्स नव्हता. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडून हॉस्पिटलमध्ये, काही कार्यक्रम त्याच्याविना करावे लागले आणि पियानोवर बसला स्ट्रेहॉर्न. म्हणजे एरवी ज्याचं नाव लोकांना ठाऊक नसायचं तो माणूस, ड्यूकच्या जागेवर, बदली म्हणून. त्या दौऱ्याच्या आठवणींतून दोघांनी मिळून पुढे 'फार ईस्ट स्वीट' नावाची रचनामालिका केली, त्यात दिल्लीतल्या मैनेच्या आवाजावरचा एक तुकडा आहे आणि आग्र्यावरचा एक. तो अल्बम वेगळ्या लेखाचा विषय.

स्ट्रेहॉर्न १९६७ च्या मे महिन्यात अन्ननलिकेच्या कॅन्सरनं गेला, एक्कावन्न वर्षांचा. समलिंगी होता आणि त्या काळात ते लपवून न ठेवता जगला, आणि कदाचित म्हणूनही पडद्याच्या मागेच राहिला, हे आता लोक उघड लिहितात ते बरं आहे. एलिंग्टन मात्र कार्यक्रमात 'ए ट्रेन' वाजवली की स्टेजवरून स्ट्रेहॉर्नचं नाव घ्यायचा. लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जाऊन म्हणायचे, काय ट्यून आहे ड्यूकची!

ऐकायला कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलंच तर १९४१ ची आधी, मग १९५२ ची, आणि मग बासवादक चार्ल्स मिंगसची १९६० ची, 'प्री-बर्ड' अल्बममधली. वर मी म्हटलं ना की या ट्यूनचा सांगाडा 'एग्झॅक्टली लाइक यू'शी जुळतो? मिंगसनं ते लिहून वगैरे सांगितलं नाही, त्यानं दोन्ही गाणी एकाच वेळी वाजवली. एका बाजूला 'ए ट्रेन', त्याच्यावर दुसऱ्या वाद्यांत 'एग्झॅक्टली लाइक यू', आणि बसतात, मस्त बसतात, भांडत भांडत बसतात. तिसऱ्या बारला काय होतं तिकडे लक्ष ठेवा, एक गाणं आपल्या वाटेनं सरळ चाललेलं असतं आणि दुसरं त्या काळी चारवर जाऊन उभं. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका पण, सगळा लगदा होतो, हेडफोन लावा.